जोडव्याचं बोट

माझ्या उजव्या हाताचा अंगठा हा मुळात अंगठा नाही. ते माझ्या डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट आहे. यवतच्या बाजारात भाजी निवडताना एखादी नवखी बाई तिकडं बघते आणि पटकन दुसरीकडं मान वळवते. तिला वाटतं, मला दिसलं नाही. मला सगळं दिसतं. डोकं ठिकाणावर असलं तर मी हात पुढं करून म्हणते, बघा बाई नीट, बघायचे पैसे पडत नाहीत. डोकं ठिकाणावर नसलं तर वांगी तिथंच टाकून पुढच्या पालाकडं जाते.

माझा राग माहेरचा आहे. माहेर पाबळकडचं, कोरडवाहू. तिथं पाणी कमी आणि तोंडं तिखट. लग्न होऊन इकडं दौंड तालुक्यात आले तेव्हा कॅनॉलच्या अंगाचा मळा, शेवंतीचे वाफे, झेंडू, थोडा ऊस, दावणीला दोन गाई असं हिरवंगार सासर मिळालं. राग काही त्या पाण्यानं विझला नाही. पण मालकांनी त्याची सवय करून घेतली होती. लग्नात आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझ्या पायात जी जोडवी घातली ती चांगली जाडजूड होती. घरात शहाबादी फरशी. मी चालले की टक् टक् वाजायचं. मालक पहाटे फुलांचा टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचे आणि दुपारी येऊन ओसरीवर आडवे व्हायचे. डोळे मिटलेले असायचे, पण कान माझ्या पायाकडं. मग पडल्या पडल्या विचारायचे, "आज पाय लई जोरात पडत्यात. कुनावर राग काढायचाय?" मी म्हणायची, तुमच्यावर. ते कूस बदलायचे आणि हसायचे.

छातीत कळ येऊन ते गेले. मार्केटमधून परत येत होते, गाडी व्यवस्थित बाजूला लावली आणि गेले. नदीवर बायकांनी माझी जोडवी काढली. इतक्या वर्षांत ती बोटात रुतली होती, निघेनात. शेवटी कुणाची तरी पक्कड आणली. आत्याबाई पाठ करून उभ्या होत्या. त्यांनीच घातलेली होती ना. आमच्या ग्रामपंचायतीनं पुढं विधवांच्या या चाली बंद करायचा ठराव केला, वाचूनही दाखवला. पण ठरावानं बोटातलं गेलेलं परत येत नाही. जोडवी गेली आणि दोन्ही पायांच्या बोटांवर एकेक खोलगट, गोरा वळ राहिला. त्यानंतर मी घरातून चालले तर आवाज होत नाही. मी रागावले आहे हे आता कुणाला कळत नाही, सांगावं लागतं, आणि सांगितलेल्या रागात काही मजा नसते.

मालकांची रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. मळ्याच्या बांधाला खड्डा घेतला, त्यात रक्षा घातली आणि वर केशर आंब्याचं रोप लावलं. हल्ली पुष्कळ घरी तसं करतात. रोप जगलं. आत्याबाई रोज तिथं एक फेरी मारायच्या, वाळलेलं पान काढायच्या. मीही जायची. आम्ही दोघी एका वेळी मात्र कधी गेलो नाही. तसं ठरलेलं नव्हतं, आपोआप झालं होतं.

आता अंगठ्याचं.

मालक होते तोवर कडबा कुट्टीच्या मशीनला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. तुझा राग आणि ही मशीन एका जागी नको, म्हणायचे. ते गेल्यावर गाईंसाठी चारा कापणार कोण? मीच. दीर सणसवाडीच्या कंपनीत कामाला, तिथंच खोली घेऊन राहतात. माणूस चांगला, पण फोनवरून शेती शिकवतो. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, गाई विकून टाका वहिनी, तुम्हाला झेपत नाही. मी फोन ठेवला आणि झेपतं का नाही ते दाखवायला मशीन चालू केली. मक्याचं एक धाट तोंडाशी अडकलं. मी ते हातानं पुढं सारलं.

दुखलं नाही. खरं सांगते, आधी दुखलंच नाही. बटण बंद करायला हात नेला तेव्हा बटण दाबायला काही नव्हतं.

शेजारच्यांनी गाडीत घातलं, यवतच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून पुण्याला पाठवलं. हाताच्या त्या मोठ्या दवाखान्यात दीर परस्पर येऊन थांबले होते. डॉक्टर पोरगेलेसे, चष्मेवाले. त्यांनी माझ्याकडं बघायच्या आधी दिरांना विचारलं, तुटलेला अंगठा कुठं आहे? दीर माझ्याकडं बघायला लागले. मी दिरांकडं. मग घरी फोन लावला. आत्याबाईंनी सांगितलं, काळजी करू नका, सगळं रीतीनं केलंय. त्यांनी अंगठा उचलून धुतला होता, त्याला हळद लावली होती, मालकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आंब्याखाली पुरला होता आणि वर चिमूटभर कुंकू टाकलं होतं. माणसाचा अवयव उघड्यावर टाकत नाहीत, कुत्री नेतात, असंही त्यांनी दिरांना वर समजावलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते रागावले नाहीत, पण आवाज पडला. कापलं गेलंय ते स्वच्छ कापलं गेलंय, म्हणाले, लगेच आणला असता तर जोडायचा प्रयत्न करता आला असता. कसा आणायचा तेही त्यांनी सांगितलं. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, अंगठा थेट बर्फात नाही. हळद तर मुळीच नाही. हे आता आमच्या वस्तीवर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, कारण मी ते पाठ करून घेतलंय.

आत्याबाईंवर मी रागावले का? रागावले. घरी आल्यावर पुष्कळ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी मला भरवलं, वेणी घातली, चोळीचे हूक लावले, आणि मी भिंतीकडं बघत बसले. अंगठा गेल्यावर कळतं की बाकीची चार बोटं नुसती पाहुणी असतात. शेवंती खुडता येईना, गाठ मारता येईना, भाकरी थापता येईना, कासेला हात लावला की गाय पाय झाडायची. फुलांची तोड मजुरांवर आली. दिरांनी गाई विकायचं पुन्हा काढलं. हात चालला नाही तर मळा चालत नाही, हे मला दिसत होतं. आणि मळा म्हणजे मालकांच्या हातचा होता, दुसरं काही त्यांचं माझ्याकडं उरलं नव्हतं.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी पायाचं बोट हाताला लावायचं सांगितलं. मला वाटलं चेष्टा करतायत. ते म्हणाले, पायातून बोट काढायचं, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या, नसा, शिरा हाताच्या शिरांना दुर्बिणीखाली जोडायच्या. दोरा केसापेक्षा बारीक. बोट जगलं तर अंगठ्याचं काम करील. जगलं नाही तर, मी विचारलं. तर पायाचंही गेलं आणि हाताचंही नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. गोड बोलून फसवणाऱ्यांपेक्षा असा माणूस मला बरा वाटतो.

मग त्यांनी माझ्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटावर पेन टेकवलं. हे घेऊ, म्हणाले. मी विचारलं, दुसरं कुठलं चालणार नाही का? त्यांनी समजावलं की हेच लांबीला योग्य, याची रक्तवाहिनी चांगली. आणि माझ्या पायाकडं बघून, अगदी सरळ मनानं, म्हणाले की बायका या बोटाला नको म्हणतात, जोडवी कुठं घालायची विचारतात, तुम्हाला तो प्रश्न नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला इतका राग आला की कान तापले. त्यांना रिकामं बोट दिसत होतं. मला त्यावरचा वळ दिसत होता, आणि नवऱ्याच्या आठवणीचं माझ्या अंगावर एवढंच राहिलंय, तेही कापून इकडचं तिकडं करणार, हे पोराच्या वयाच्या डॉक्टरला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी हो म्हणाले. मळ्यासाठी म्हणाले.

त्यानंतर तंबाखूचं विचारलं. बिडी, तंबाखू, गुटखा काही? मी नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडं कुठल्याही बाईला विचारा, ती नाहीच म्हणेल. मागं उभ्या असलेल्या आत्याबाई मात्र मदत करायला पुढं सरसावल्या. "तसलं काय न्हाई डाक्टर. निस्ती मिश्री लावती सकाळ-संध्याकाळ. मी बी लावती."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती हिरडीतून रक्तात जाते, रक्तवाहिनी आवळते, आणि आपण जोडणार ती वाहिनी सुतळीएवढीसुद्धा नाही. एक चिमूट पुरेल बोट काळं पडायला. ऑपरेशन पुढं ढकललं. मिश्री पूर्ण सुटल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, असा दम मिळाला. आम्हा दोघींना खरोखर नवल वाटलं. मिश्री म्हणजे दात घासणं. त्याला तंबाखू कोण म्हणतं?

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी गेली, पण तिनं मला अर्धं मारलं. डोकं ठणकायचं, कुणाचंही तोंड बघू नये वाटायचं. आत्याबाईंनी आपली डबी शेजारणीकडं ठेवायला दिली. रोज सकाळी फिरून येते म्हणून त्या शेजारणीकडं जायच्या आणि दात चमकवत परत यायच्या. मला वास यायचा. मी काही बोलले नाही, कारण त्या निदान लपवत होत्या, आणि माणूस आपल्यासाठी लपवतो हेही थोडं असतं का?

ऑपरेशन दिवसभर चाललं म्हणे. मला भूल होती. जाग आली ती उकाड्यात. खोली बंद, पंखा बंद, अंगावर पांघरूण, आणि बाहेर उन्हाळा. हात उशांवर उंच ठेवलेला, पट्टीत गुंडाळलेला, आणि पट्टीच्या टोकाला एक नख डोकावत होतं. ते नख मी ओळखलं. वर्षानुवर्षं मी ते खाली वाकून बघितलं होतं, आता ते माझ्या तोंडासमोर होतं. त्याच्या कडेला शेतातल्या काळ्या मातीची रेघ अजून होती. त्यांनी इतकं घासून धुतलं, तरी ती निघाली नव्हती.

तिथल्या सिस्टर दौंडच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. त्यांनी नियम सांगितले. पंखा लावायचा नाही, गार वाऱ्यानं वाहिनी आवळते. चहा नाही, कॉफी नाही. पाणी भरपूर. हात खाली सोडायचा नाही. रडायचं नाही, रागवायचं नाही, दुखलं तर सोसायचं नाही, लगेच सांगायचं. मी म्हणाले, बाकी सगळं जमेल, न रागवायचं तेवढं अवघड आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग बोटाला सांगा, मालकीण अशीच आहे म्हणून.

आत्याबाईंनी हे नियम ऐकले आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. गावाकडून जीप भरून माणसं भेटायला आली. आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर आमच्यात बोल लागतो. शहाळी, केळी, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत आधीच पाणी. आत्याबाईंनी एकेकीला आत सोडलं, आणि जी हुंदका काढील तिला दंडाला धरून बाहेर नेलं. रडायचं असेल तर खाली गेटवर जाऊन रडा, इथं बोट आवळतं, असं त्यांनी माझ्या सख्ख्या चुलतीला सुनावलं. चुलती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सिस्टर ठरावीक वेळानं यायच्या. नखाशेजारी बोटानं दाबायच्या, पांढरं पडलं की पुन्हा गुलाबी किती पटकन होतं ते बघायच्या. बोटांच्या पाठीनं त्याची ऊब बघायच्या, आई तान्ह्या पोराचं कपाळ बघते तसं. मग थोडी जेल लावून पेनासारखी एक दांडी बोटाला टेकवायच्या. तिला वायर, वायरीला एक छोटा डबा. पहिल्यांदा त्यांनी ती टेकवली आणि डब्यातून आवाज आला. शूप, शूप, शूप. सिस्टर म्हणाल्या, हे तुमचं रक्त, बोटात चाललंय.

नदीवरच्या त्या दिवसापासून ते बोट मुकं होतं. आणि आता ते परत वाजत होतं, भरल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाटलं, मालक शेजारच्या खोलीत आडवे पडलेत, आणि त्यांना कळलं असेल की मी आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या, पण मला दंडाला धरून कुठं नेणार? त्यांनी पदरानं माझे डोळे दाबून धरले. बराच वेळ.

पुढच्या सकाळी नख निळसर दिसलं. मला वाटलं उजेडाचं असेल. सिस्टरांनी दाबून बघितलं आणि डॉक्टरांना बोलावलं. बोटात रक्त जात होतं, पण परत फिरत नव्हतं. परतीची शीर तुंबली होती. पाटाचं तोंड उघडं आणि पाणी बाहेर काढणारी चारी बंद असं झालं होतं. लगेच परत आत घ्यावं लागणार होतं. स्ट्रेचरवर घेताना मी आत्याबाईंना विचारलं, तुम्ही खोलीत मिश्री लावली होती का? तोंडातून निघून गेलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि चालता चालता थांबून म्हणाले, आजींचा काही संबंध नाही, गुठळी कुणालाही होते, यात कुणाची चूक नाही. ते थांबले म्हणून मी त्यांचं जोडव्याचं बोलणं माफ करून टाकलं.

आत जाताना मी देवाचं नाव घेतलं नाही. मालकांना म्हणाले, एवढं बोट राहू द्या. तुमच्याकडं एक आहे माझं, हे माझ्याकडं राहू द्या.

राहिलं. शीर नव्यानं जोडली, नख पुन्हा गुलाबी झालं, डबा पुन्हा वाजला. घरी येताना आत्याबाईंनी सिस्टरांना शेवंतीची वेणी पाठवायचं कबूल केलं आणि हंगाम आल्यावर दिरांच्या हाती खरंच पाठवली. मिश्रीचं मात्र मी बोलले ते बोलले. शेजारणीकडची डबी त्यांनी परत आणलीच नाही, सकाळचं फिरायला जाणंही सोडलं.

पायाची जखम भरेपर्यंत टाचेवर चालले. हात चालायला लागला तसा एक नवाच पेच मनात आला. आपल्यात पाय कुणाला लागला तर आपण पाया पडतो. आणि मी आता पायानं पीठ मळणार, पायानं देवाला फूल वाहणार? पहिल्यांदा काठवटीपुढं बसले आणि हात तसाच धरून राहिले. आत्याबाईंनी बघितलं. "हे बोट पयल्यांदा ह्या घरात आलं तवा मी त्येला कुकू लावलं व्हतं. आता पिठाला लागलं म्हंजी बाटलं व्हय? थाप भाकरी." मी थापली. ती वाकडीतिकडी झाली, कडेला जाड आणि मधे फाटकी. आत्याबाईंनी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही, दुधात कुस्करून सगळी खाल्ली.

गाई दावणीलाच राहिल्या. दिरांनी त्यांचं नाव काढायचं सोडलं.

बोट हलायचं, पकडायचं, पण त्याला काही कळायचं नाही. नस हळूहळू वाढते, वाट बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा ते तव्याला टेकलं आणि मला कळलं ते वासावरून. आत्याबाई दुपारी माझा हात मांडीवर घेऊन खोबरेल तेलानं चोळायच्या. व्रण मऊ पडायला ते सांगितलेलं होतं. रोज विचारायच्या, कळतंय का? मी रोज नाही म्हणायची. आधी सूज होती तोवर ते बोट टोपणासारखं गुळगुळीत दिसायचं. वळ गेला, असं मी मनात धरून टाकलं होतं. दुसऱ्या पायावर आहे की, असं स्वतःला समजावायची. पण जोडीतलं एक गेलं की उरलेल्याला बघवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

सूज उतरत गेली. एका दुपारी चोळता चोळता आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी बोट उजेडाकडं वळवलं. बुडाशी, शिवणीच्या जरा वर, तो खोलगट गोरा वळ परत आला होता. त्या त्यावरून नख फिरवत राहिल्या.

"हितं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

मग मला बळ आलं आणि इतक्या दिवसांचं मी विचारलं. रागानं नाही. म्हटलं, आत्याबाई, एवढा मोठा मळा असताना अंगठा आंब्याखालीच का पुरलात?

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. माझ्याकडं बघितलं नाही.

"त्यो एकटा हाय तिथं," म्हणाल्या.

इतके दिवस मी समजत होते की त्यांनी अडाणीपणानं माझा अंगठा घालवला. त्यांनी तो घालवला नव्हता, पोराकडं पोचवला होता. पोटचा पोर थंडीवाऱ्यात बांधावर एकटा आहे, तर त्याच्या बायकोचं जे हाताला लागलं ते त्यांनी त्याच्या सोबतीला दिलं. मला त्या अंगठ्याचा हेवा वाटला. अजून वाटतो. मी इथं तोड करते, गाईंचं बघते, दिरांशी भांडते, यवतला जाते, येते, आणि तो तिकडं मालकांजवळ मजेत पडून आहे.

यंदाच्या थंडीत पाण्याची पाळी दिवसा आली होती. मी पाटाला होते. आंब्याच्या आळ्यात गवत माजलं होतं, म्हणून पाणी आळ्यात वळवून तिथंच खाली बसले आणि उपटायला लागले. पाणी भरत होतं, माती भिजत होती. एक मुळी हाताला दाद देईना, म्हणून मी अंगठा चिखलात रुतवला आणि जोर लावला.

आणि मला गार लागलं. आधी वाटलं, शेजारच्या बोटाला लागलंय. मी बाकीची बोटं बाहेर काढली, नुसता अंगठा आत ठेवला. गारच होतं. बारीक, लांबून आल्यासारखं, पण गार. मी तशीच बसून राहिले. माझा एक अंगठा वर होता आणि एक खाली. मधे वीतभर चिखल.

मी हाक मारली. आत्याबाई वाफ्यातून खुरपं घेऊन लगबगीनं आल्या, त्यांना वाटलं काही चावलं. आंब्याशी आम्ही दोघी एका वेळी कधी येत नव्हतो, हे दोघींच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, आत्याबाई, कळतंय.

"काय कळतंय?"

"गार लागतंय."

त्या खाली बसल्या. त्यांनीही हात चिखलात घातला, माझ्या हाताशेजारी, आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग आळ्यात चढणाऱ्या पाण्याकडं बघितलं.

"मग फिरीव तिकडं पानी," म्हणाल्या. "त्येला बी गार लागत आसंल."

मी उठले, फावडं घेतलं आणि पाणी शेवंतीच्या वाफ्याकडं वळवलं. आळ्याच्या तोंडाला माती ओढली आणि ती नव्या अंगठ्यानं दाबून घट्ट केली.